स्वस्त आणि पुरेसा आइसबॉक्स निवडताना

पावसाळा सरून हवा कोरडी होऊ लागली की आमच्या ओळखीतल्या मंडळींचे तंबूच्या सहलींचे बेत सुरू होतात, आणि पवना, भंडारदरा की काशीद हे ठरण्याआधीच आइसबॉक्स कोणता घ्यावा, हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझ्याकडे येण्याचे कारण एवढेच की आमच्या घरात दोन छंद एकत्र नांदतात : मला तंबूत राहायला आवडते आणि माझ्या धाकट्या दिराला मासे गरवायला आवडतात. दोन्हींसाठी बर्फ लागतो, त्यामुळे बर्फाच्या पेट्यांचा विचार आमच्याकडे बारमाही चालतो. बाजारात दोन-तीनशे रुपयांच्या थर्माकोलच्या खोक्यापासून कित्येक हजारांच्या परदेशी पेटीपर्यंत सगळे मिळते, आणि दुकानदार प्रत्येक पेटीबद्दल 'दोन दिवस बर्फ हलत नाही' हे एकच वाक्य सांगतो. माझे मत असे आहे की नावाजलेल्या परदेशी पेटीला जेवढे पैसे पडतात, त्याच्या दहाव्या हिश्शात मुंबईकराची गरज नीट भागते. मात्र पेटीची भिंत, झाकण आणि माप या तीन गोष्टी हाताने तपासून घ्याव्या लागतात, आणि वाचलेल्या पैशांतले थोडे बर्फावर खर्च करावे लागतात.

महाग पेट्यांची मागणी कुठून आली, हे आधी पाहणे उपयोगाचे आहे. जाड भिंतीच्या, वर उभे राहिले तरी न वाकणाऱ्या या पेट्या अमेरिकेतल्या शिकारी आणि मासे धरणाऱ्या लोकांसाठी बनल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली यती ही कंपनी २००६ साली टेक्सासमध्ये रॉय आणि रायन सायडर्स या भावांनी काढली. तिकडचा शिकारी वस्तीपासून दूर रानात चार-पाच दिवस राहतो, आणि एक हरीण मारले तरी वीस-पंचवीस किलो मांस त्याला घरापर्यंत थंड ठेवून न्यायचे असते. वाटेत बर्फ मिळेलच याची खात्री नसते. त्या माणसाने पेटीवर तीनशे डॉलर घातले तर त्यात अतिरेक नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, आणि आपल्या सहली बहुधा शुक्रवारी रात्री निघून रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या असतात. वाटेत बाजाराचे गाव लागते, तिथे रसवंती असते, मासळीबाजार असतो, म्हणजे बर्फ विकणाराही असतो. चार दिवसांची पेटी विकत घेऊन ती दोन रात्रींसाठी वापरायची, यात पैशांबरोबर पाठीचाही अपव्यय आहे, कारण या पेट्या रिकाम्यासुद्धा दहा-अकरा किलो भरतात.

या पेट्यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या ज्या पद्धतीने बनतात, म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी साच्यात घालून, साचा भट्टीत तापवत सर्व बाजूंनी फिरवून, त्याच पद्धतीने आपल्या इमारतींच्या गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या बनतात. पद्धत उत्तमच आहे. सांधा नसलेले, एकसंध, दणकट भांडे तिच्यातून मिळते. पण दणकटपणा वेगळा आणि थंडी धरून ठेवणे वेगळे. थंडी धरते ती दोन भिंतींच्या मधल्या फोममुळे, आणि तसाच फोम साध्या पेटीतही भरता येतो. परदेशी पेट्यांच्या जाहिरातीत अस्वलाला न उघडणारी पेटी असे प्रमाणपत्रही दाखवतात. ते तिकडच्या ग्रिझली अस्वलांसाठी आहे. आपल्याकडे माळशेजला माकडे येतात, पवनेकाठी कुत्री येतात आणि मुंग्या तर सर्वत्र येतात. त्यांच्यासाठी घट्ट लागणारी एक कडी आणि पेटीभोवती बांधायला एक पट्टा पुरतो.

आता भिंतीकडे येऊ. पेट्यांत मुख्यतः दोन प्रकारचे आवरण असते : थर्माकोल आणि पॉलियुरेथेन फोम, ज्याला बाजारात सरसकट पफ म्हणतात. सारख्या जाडीचे घेतले तर पफमधून थर्माकोलच्या मानाने साधारण दोन-तृतीयांश उष्णता आत शिरते. याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते एका हिशोबाने पाहू. पंचवीस लिटरच्या पेटीचे आतले पृष्ठफळ साधारण अर्धा चौरस मीटर धरले, बाहेर तीस अंश आणि आत बर्फाचे शून्य अंश धरले, आणि भिंत सर्व बाजूंनी अडीच सेंटीमीटर पफची आहे असे मानले, तर दिवसाला सुमारे चार किलो बर्फ केवळ भिंतीतून येणाऱ्या उष्णतेने वितळतो. तीच भिंत थर्माकोलची असेल तर हा आकडा साडेपाच किलोच्या आसपास जातो, आणि पफची जाडी दुप्पट म्हणजे पाच सेंटीमीटर केली तर दोन किलोवर येतो. हा कागदावरचा हिशोब आहे. झाकण उघडणे, उन्हात ठेवणे, गरम वस्तू आत टाकणे हे सगळे त्यात नाही. तरी त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. जाड भिंतीची महागडी पेटी आणि मध्यम पेटी यांत दिवसाला दोन किलो बर्फाचा फरक पडतो. दोन रात्रींच्या सहलीत तो चार किलो होतो. चार किलो बर्फाची किंमत आणि दोन पेट्यांच्या किमतींतला फरक शेजारी शेजारी मांडून पाहावा.

मध्यम पेटी म्हणजे मात्र कोणतीही पेटी नव्हे, कारण स्वस्त पेट्यांत खरी काटकसर झाकणात केलेली असते. बाजूच्या भिंतींत फोम असतो आणि झाकण आतून पोकळ असते. कोपऱ्यात, तळाशी जिथे साचा अरुंद होतो तिथेही फोम पातळ असतो, पण ते बाहेरून कळत नाही; झाकणाचे मात्र कळते. बोटाच्या पेराने आधी बाजूच्या भिंतीवर आणि मग झाकणावर टकटक करावी. भिंत ठस्स आवाज देते, आणि झाकण ढबढब वाजले तर ते पोकळ आहे. झाकण हातात घेतले की वजनावरूनही अंदाज येतो. मस्जिद बंदरच्या एका दुकानात मी अशी एकेक पेटी वाजवून पाहत होते, तेव्हा दुकानातला वयस्कर माणूस म्हणाला, "ताई, झाकण कोण बघतं? सगळे रंग बघतात." मग त्याने आपणहून माळ्यावरून एक मळकट, फिक्या निळ्या रंगाची पेटी काढून दिली. तिचे झाकण भरीव होते, कडेने रबराची पट्टी होती, आणि किंमत समोर मांडलेल्या चकचकीत लाल पेटीपेक्षा कमी होती.

झाकण किती घट्ट बसते, हे पाहायला खिशातली नोट पुरते. पेटीच्या काठावर दहाची नोट ठेवून झाकण लावावे आणि नोट ओढावी. ती अडकत अडकत आली तर तिथे झाकण काठावर टेकते आहे. सुळकन निघाली तर तिथून थंड हवा बाहेर पडणार. हे चारही बाजूंना करावे, विशेषतः बिजागरीच्या बाजूला, कारण तिथे फट राहण्याची शक्यता अधिक. रबराची पट्टी नसेल तरी खचून जायला नको. झाकण खोल बसत असेल, म्हणजे त्याची आतली कड पेटीत दोन-तीन सेंटीमीटर उतरत असेल, तर पट्टीवाचूनही काम बरे होते. पोकळ झाकणाची पेटी आधीच घरात असेल तर हार्डवेअरच्या दुकानात फवाऱ्याच्या डब्यात मिळणारा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोम झाकणाला छिद्र पाडून आत भरता येतो. एकदम सगळा भरू नये. तो फुगतो आणि झाकणाला पोट येते. थोडा थोडा, मध्ये वाळायला वेळ देत भरावा.

मापाच्या बाबतीत लोक एका दिशेने वाहवत जातात : मोठी घेऊ, कधी तरी लागेल. मी उलट सांगेन. अर्धी रिकामी मोठी पेटी ही भरलेल्या लहान पेटीपेक्षा वाईट चालते, कारण पृष्ठफळ जास्त म्हणून उष्णता जास्त शिरते, आणि आतली रिकामी जागा हवेची असते, जी दर वेळी झाकण उघडले की बदलते. चार माणसांच्या दोन रात्रींसाठी पंचवीस ते तीस लिटरची पेटी पुरते, दोघांसाठी पंधरा-सोळा लिटरची. पंचवीस लिटरच्या पेटीत दहा किलो बर्फ आणि तेवढेच सामान घातले की पेटीसकट वजन पंचवीस किलोच्या घरात जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून ते खाली आणणे, गाडीत चढवणे, आणि पुढे शेताच्या बांधावरून तंबूपर्यंत नेणे हे दोघांचे काम आहे. गाडी नसेल, लोकलने कर्जत किंवा कसारा गाठून पुढे जीप करायची असेल, तर पंधरा लिटरच्या वर जाऊच नये. मांडव्याला जाणाऱ्यांची सोय त्या मानाने चांगली आहे. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो बोट सुटते, तीत गाडीच चढते आणि पेटी डिकीतून हलवावी लागत नाही.

परदेशी पेट्या घेणाऱ्यांनी मापाचा आकडा लिटरमध्ये आहे की क्वार्टमध्ये, हे पाहावे. अमेरिकी क्वार्ट लिटरपेक्षा किंचित लहान असतो, म्हणजे त्यात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो 'पाच दिवस बर्फ टिकतो' या वाक्यात. ती चाचणी पेटी बर्फाने भरून केलेली असते, आत दुसरे सामान जवळपास नसते आणि झाकण कोणी सारखे उघडत नाही. काही कंपन्या बाहेरचे तापमान ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३२ अंश सेल्सिअस धरतात. आपल्या सहलीत लहान मुले दर दहा मिनिटांनी झाकण उघडून सरबत आहे का पाहतात. पाच दिवसांचे दोन दिवस तिथेच होतात.

थर्माकोलच्या खोक्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण मी ठेवणार नाही. मासळीचा धंदा वर्षानुवर्षे त्यावर चालला आहे, औषधे त्यातून जातात, आणि दिवसभराच्या सहलीला तो उत्तम. दोन इंच जाडीचा खोका पोकळ झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीला सहज मागे टाकतो. त्याचे दोष वेगळे आहेत : कोपरा तुटतो, तुटलेले पांढरे मणी रानभर आणि किनाऱ्यावर पसरतात ते कधी नाहीसे होत नाहीत, आणि माशांचा वास त्यात एकदा शिरला की तो खोका पुढे फक्त माशांचाच राहतो. दिराने यावर काढलेला तोडगा मला आवडतो. तो खोका बाहेरून चिकटपट्टीने गुंडाळतो, आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालतो, आणि सगळे एका प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये बसवतो. मणी सुटत नाहीत आणि उचलायला क्रेटच्या मुठी मिळतात.

कापडी थंड पिशव्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सकाळी निघून संध्याकाळी परतायचे असेल, पाठीवर न्यायचे असेल, राजमाचीसारखे चालत चढायचे असेल तर त्या घ्याव्यात. रात्रीच्या मुक्कामाला त्यांच्यावर विसंबू नये.

पेटीपेक्षा जास्त लक्ष बर्फाकडे द्यावे, असे मी वर म्हटले, त्याचे कारण बर्फाच्या स्वभावात आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक लिटर पाणी तीस अंशांवरून पाच अंशांवर आणायला २५ किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे घरून निघताना फडताळातल्या कोमट पाण्याच्या आणि सरबताच्या दहा लिटरभर बाटल्या पेटीत टाकल्या, की तीन किलोहून अधिक बर्फ त्यांना गार करण्यातच संपला. गाडी अजून ऐरोलीलाही पोहोचलेली नसते. त्याच बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवल्या असत्या तर तो बर्फ दुसऱ्या दिवसापर्यंत पुरला असता. पेटीसुद्धा आदल्या रात्री थंड करून घ्यावी. आठवडाभर माळ्यावर तापलेल्या पेटीच्या भिंती सुरुवातीचा बर्फ खातात, म्हणून रात्री त्यात एक-दोन किलो बर्फ टाकून झाकण लावून ठेवावे आणि सकाळी ते पाणी ओतून खरा बर्फ भरावा.

बर्फ मोठा असेल तर जास्त टिकतो, हे मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. घरोघरी फ्रिज येण्याच्या शंभर वर्षे आधी इथे अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने येत असे. १८३३ साली बॉस्टनहून कलकत्त्याला निघालेल्या पहिल्या जहाजात १८० टन बर्फ होता, आणि चार महिन्यांचा प्रवास करून, विषुववृत्त दोनदा ओलांडून त्यातला सुमारे शंभर टन उतरला. नंतर मुंबईतही बर्फघर उभे राहिले. त्या जहाजात पफ नव्हता. लाकडाचा भुसा होता आणि बर्फाचा प्रचंड ढीग होता. ढीग जितका मोठा तितके त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ कमी, आणि वितळण्याचा वेग मंद. म्हणून पेटीत चुरा भरण्याऐवजी लादीचा एकसंध तुकडा घ्यावा आणि वरच्या फटींपुरता चुरा टाकावा. चुरा वस्तू लवकर गार करतो, लादी ती गार ठेवते.

लादी विकत घेताना एक काळजी घ्यावी. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे बंधनकारक केले आहे, जेणेकरून मासळी टिकवण्याचा बर्फ आणि सरबतातला बर्फ वेगळा ओळखता यावा. निळा बर्फ पेटीत बाटल्यांभोवती खुशाल वापरावा, पण त्याचे पाणी तोंडात जाता कामा नये. बर्फ पांढरा दिसला म्हणजे तो पिण्याच्या पाण्याचाच आहे असे मी गृहीत धरत नाही. विकतचा सगळा बर्फ मी बाहेरचा मानते, आणि पेल्यात टाकायचा बर्फ घरून वेगळ्या डब्यात नेते.

त्याहून बरा उपाय घरच्या फ्रीजरमध्ये आहे. पाण्याच्या लिटरभर बाटल्या दहा हिश्शांपैकी नऊ हिस्से भरून दोन दिवस आधी आडव्या ठेवाव्यात. पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगते, म्हणून काठोकाठ भरू नयेत. घरचा फ्रीजर उणे अठरा अंशांवर चालत असेल तर हा बर्फ शून्यावर आलेल्या लादीपेक्षा थोडा अधिक काम देतो, वितळल्यावर पेटीत पाणी साचत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी पिता येते. विकत मिळणाऱ्या निळ्या जेलच्या पाकिटांत बहुतांश पाणीच असते. ती पुन्हा पुन्हा वापरता येतात आणि सपाट असतात, एवढाच त्यांचा फायदा. जेल आहे म्हणून ती बाटलीतल्या बर्फापेक्षा जास्त थंडी देतात, या समजावर पैसे घालू नयेत. मीठ घातलेल्या बर्फाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते, कुल्फीवाले तेच करतात, पण त्याने बर्फ लवकर संपतो आणि खालच्या भाज्या गोठून काळ्या पडतात. सहलीला त्याची गरज नसते.

मासे न्यायचे किंवा आणायचे असतील तर नियम थोडे बदलतात. भाऊच्या धक्क्यावर पहाटे एका मावशींनी माझ्या दिराला पेटी भरताना पाहून ती सरळ त्याच्या हातातून काढून घेतली होती. "आधी बर्फ, मंग म्हावरं, मंग परत बर्फ," असे म्हणत त्यांनी तळाशी चार बोटे चुरा पसरला, त्यावर बांगडे एकाआड एक डोके-शेपूट करून मांडले, वर पुन्हा चुरा, आणि शेवटी पेटीखालचे बूच उघडे ठेवून पेटी किंचित तिरकी केली. मासे बर्फात असावेत, बर्फाच्या पाण्यात नसावेत. रक्तमिश्रित पाण्यात पडलेला मासा मऊ पडतो आणि लवकर बिघडतो. म्हणून मासे ठेवायचे असतील तर तळाला बूच असलेली पेटीच घ्यावी. फक्त बाटल्या असतील तर उलट करावे : वितळलेले पाणीही शून्याच्या जवळचे असते, बाटल्यांना चहूकडून लागते, आणि ते काढून टाकले की त्याची जागा गरम हवा घेते. तेव्हा बूच बंद.

बांगडा, कुपा, सुरमई या जातीच्या माशांना थंडी लगेच मिळाली पाहिजे, हे गरवणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. उन्हात दोन-तीन तास पडलेल्या अशा माशात जिवाणूंमुळे हिस्टामिन नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर अंग लाल होते, डोके दुखते, खाज सुटते, आणि लोक माशाची ॲलर्जी आहे असे समजतात. मासा दिसायला आणि वासाला ठीक असू शकतो. त्यामुळे गळाला मासा लागला की तो बादलीत न ठेवता तेव्हाच बर्फात गेला पाहिजे, आणि त्यासाठी बर्फ किनाऱ्यापर्यंत उरला पाहिजे. धरणाच्या पाण्यात गळ टाकणाऱ्यांनी आधी ठेकेदाराची किंवा मच्छीमार सोसायटीची परवानगी घ्यावी, हेही जाता जाता सांगते.

चिकन, मटण यांच्या बाबतीत मी एकच पद्धत पाळते. मसाला लावून, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून, फ्रीजरमध्ये दगडासारखे गोठवून नेते. ते स्वतःच बर्फाचे काम करते आणि शनिवारी संध्याकाळी शेगडीवर जाण्याइतके सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार नाशवंत अन्न पाच अंशांच्या खाली ठेवावे आणि बाहेरच्या तापमानात दोन तासांहून अधिक राहू देऊ नये. पेटीत पाच अंश आहेत की पंधरा, हे हात घालून कळत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो आत टाकून द्यावा. कच्चे मांस नेहमी तळाशी, बंद डब्यात, आणि कोशिंबिरीचे सामान वर. घरात कोणाला इन्सुलिन लागत असेल तर ते दोन ते आठ अंशांत राहिले पाहिजे, पण गोठता कामा नये. गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. ते बर्फाला चिकटवून ठेवू नये. टॉवेलात गुंडाळून, डब्यात घालून, वरच्या थरात ठेवावे.

मुक्कामाच्या जागी पेटीची अर्धी राखण सावलीने होते. बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते, म्हणून पोहोचल्यावर पेटी आधी उतरवावी. झाडाखाली ठेवावी, सावली सरकली की पेटीही सरकवावी, आणि जमिनीवर थेट न ठेवता दोन दगडांवर किंवा चटईवर ठेवावी. भंडारदऱ्याला एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पेटीवर ओले गोणपाट टाकले तर पाणी उडून जाताना बाहेरचा भाग चांगला गार राहतो. काशीदला दमट हवेत याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे कोरडी चादर सावलीपुरती टाकावी. आतली रिकामी जागा टॉवेलाने किंवा चुरगळलेल्या वर्तमानपत्राने भरून काढावी. शक्य असेल तर दोन लहान पेट्या न्याव्यात, एक पेयांची आणि एक अन्नाची. पेयांची दिवसभर उघडत राहते, अन्नाची दिवसातून दोन-तीनदा. एका मोठ्या पेटीच्या किमतीत अशा दोन येतात, आणि मुलांना 'ही तुमची' असे सांगता येते.

तर घ्यायचे काय? आज मला नव्याने घ्यायचे असते तर मी वीस ते पंचवीस लिटरची, फिक्या रंगाची, भरीव झाकणाची, तळाला बूच असलेली, दोन्ही बाजूंना मजबूत मुठी असलेली भारतीय बनावटीची पफची पेटी घेतली असती आणि सोबत पंधरा लिटरची साधी. चाके मी टाळते. रेतीत आणि ढेकळांत ती फिरत नाहीत आणि तळातली फोमची जागा खातात. पेला ठेवायला झाकणावर खळगे असलेल्या पेट्यांत झाकण त्या जागी पातळ असते, म्हणून त्याही नकोत. खरेदी शक्यतो दुकानात जाऊन करावी, कारण छायाचित्रात झाकण वाजवून पाहता येत नाही. मासळीसाठी बनणाऱ्या मोठ्या पेट्या विकणाऱ्या दुकानांत लहान मापेही असतात, ती दिसायला ओबडधोबड पण भिंतीने जाड असतात. सहलीच्या सामानाच्या चकाचक दुकानाआधी तिथे जावे.

परत आल्यावर पेटी साबणाच्या पाण्याने धुऊन, वास असेल तर खायच्या सोड्याने घासून, दिवसभर वाळवावी आणि झाकण फटभर उघडे ठेवूनच माळ्यावर टाकावी. बंद ठेवली तर पावसाळ्यात आत बुरशी येते. बिजागऱ्या प्लॅस्टिकच्या असतील तर त्या आधी तुटतात, म्हणून घेतानाच सुट्या मिळतात का ते विचारावे. बुचाचा रबरी वायसर हरवला तर पेटी गाडीभर गळते. तो वेगळा मिळत नसेल तर बूच घेऊन नळाच्या सामानाच्या दुकानात जावे. त्या मापाचा वायसर तिथे बहुधा मिळतो.